शेवंतीच्या हरितगृहातील रात्रीचे दिवे : निवड व मांडणी

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्याकडील फुलबाजार शेवंतीने भरून जातो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. शेवंती नेमकी त्याच सुमारास का फुलते, याचा विचार मात्र फारसा केला जात नाही. दिवस लहान व रात्री मोठ्या होऊ लागल्या म्हणजे शेवंतीचे रोप आपली पालेवाढ आवरते आणि शेंड्याला कळी धरते. उघड्या रानातील शेवंतीस हा निसर्गक्रम सोयीचा असतो. परंतु हरितगृहात, म्हणजेच ज्याला आपण पॉलिहाऊस म्हणतो त्यात, लांब दांड्याची शेवंती बाजाराच्या मागणीनुसार कोणत्याही महिन्यात फुलवावयाची असेल, तर रोपाने केव्हा वाढावे व केव्हा फुलावे हे शेतकऱ्यास ठरवावे लागते. त्यासाठी रात्री दिवे लावावे लागतात.

दिवे लावावयाचे म्हटल्यावर दुकानात अनेक प्रकारचा माल दाखविला जातो. त्यात जांभळ्या प्रकाशाचे महागडे दिवेही असतात व 'जितका प्रकाश अधिक तितके पीक अधिक' असे सांगण्यात येते. शेवंतीच्या बाबतीत हे सांगणे शेतकऱ्यास नाहक खर्चात टाकणारे आहे. शेवंतीस रात्री द्यावयाचा प्रकाश हा तिचे अन्न तयार करण्यासाठी नसून 'अजून कळी धरू नकोस' एवढा निरोप देण्यासाठी असतो. हा निरोप मंद प्रकाशानेही पोहोचतो. मात्र तो प्रत्येक रोपापर्यंत व नेमाने पोहोचला पाहिजे. ही एक गोष्ट ध्यानात आली म्हणजे दिव्यांची निवड, संख्या व मांडणी यांविषयीचे पुढील विवेचन समजण्यास अवघड जाणार नाही.

रोप रात्र मोजते

वनस्पतींच्या फुलण्याचा दिवसाच्या लांबीशी संबंध आहे, हे अमेरिकेतील गार्नर व अलार्ड या शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू व सोयाबीन या पिकांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. पुढे १९३८ साली हॅमनर व बॉनर यांनी झॅन्थियम नावाच्या काटेरी तणावर प्रयोग केले. दीर्घ रात्रीच्या मध्यभागी थोडा वेळ प्रकाश दिला तर ते तण फुलत नाही, असे त्यांना आढळले. यावरून असे ठरले की, रोप प्रत्यक्षात दिवसाची लांबी मोजीत नसून अखंड अंधाराची लांबी मोजते. अंधाराचे दोन तुकडे केले, तर रात्र एकंदरीने मोठी असूनही रोपास ती लहान वाटते.

हे मोजमाप पानातील फायटोक्रोम नावाच्या रंगद्रव्यामुळे होते. लाल प्रकाश पडला म्हणजे हे द्रव्य एका रूपात जाते. अंधारात, तसेच डोळ्यांस जेमतेम दिसणाऱ्या अतिलाल प्रकाशात, ते पूर्वरूपात येते. म्हणून रात्रीच्या दिव्यात लाल प्रकाशाचा अंश पुरेसा असणे महत्त्वाचे असते. केवळ निळा प्रकाश या कामी तितका उपयोगी पडत नाही.

आपल्याकडील दिवसमान

दिवस साधारणतः साडेतेरा तासांपेक्षा लहान असला म्हणजे शेवंतीच्या कळ्या धरतात व वाढीस लागतात. जातीनुसार ही मर्यादा थोडी कमी-अधिक असते. पुण्याच्या अक्षांशावर जून महिन्यातील सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा व डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. सूर्योदयापूर्वीचा व सूर्यास्तानंतरचा संधिप्रकाश धरला, तर प्रत्येक बाजूस वीस-पंचवीस मिनिटांची भर पडते.

या आकड्यांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, वर्षातील बहुतेक महिन्यांत लावलेले शेवंतीचे कोवळे रोप दिव्यावाचून ठेवल्यास वीतभर उंचीवरच कळी धरू शकते. असे फूल बाजारात लांब दांड्याचे म्हणून विकता येत नाही आणि एकदा शेंड्यात कळी बसली म्हणजे खत-पाणी वाढवूनही दांडा हवा तसा लांबत नाही. रोपे, मजुरी व हरितगृहातील तेवढ्या दिवसांची जागा, हे सर्व वाया जाते. दुसरी गोष्ट अशी की, मे ते जुलै या काळात दिवस मर्यादेच्या जवळ असल्याने दिवे बंद केल्यावरही काही जाती वेळेवर कळी धरीत नाहीत. त्या वेळी सायंकाळी लवकर वाफ्यांवर काळा प्लॅस्टिक कागद ओढून सकाळी काढावा लागतो व रात्र तेरा तासांची करावी लागते. दिवे आणि काळा कागद ही एकाच कामाची दोन साधने होत. एकाने रात्र तुटते, दुसऱ्याने ती वाढते.

निरोपाचा प्रकाश व अन्नाचा प्रकाश

प्रकाशाची तीव्रता लक्स या एककात मोजतात. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात ती सुमारे एक लाख लक्स असते. प्लॅस्टिकचे आच्छादन व सावलीची जाळी यांतून त्यातील मोठा भाग गळला, तरी हरितगृहात कित्येक हजार लक्स प्रकाश रोपांस मिळतो. याच्या उलट, रात्र तोडण्यासाठी शेवंतीच्या शेंड्यावर सुमारे १०० लक्स प्रकाश पुरतो. म्हणजे भर उन्हाच्या हजाराव्या हिश्शाइतका. एवढ्या प्रकाशात रोप लक्षात येण्याजोगे अन्न तयार करीत नाही व ते आपणांस अपेक्षितही नसते.

दिव्यांच्या प्रकाशावर अन्न तयार करविण्याची पद्धत नेदरलँड्ससारख्या उत्तरेकडील देशांत हिवाळ्यात वापरतात, कारण तेथे त्या ऋतूत दिवस फार लहान व ऊन अतिशय क्षीण असते. आपल्याकडे ऊन मुबलक आहे. पावसाळ्यात ढगाळ हवेमुळे प्रकाश कमी पडतो हे खरे. परंतु त्यावर पहिला उपाय म्हणजे आच्छादनावरील धूळ व शेवाळ धुऊन काढणे व सावलीची जाळी गुंडाळून ठेवणे हा होय. मळलेल्या प्लॅस्टिकखाली महागडे दिवे लावणे म्हणजे कवाड लावून घेऊन घरात समई पेटविण्यासारखे आहे.

पौर्णिमेच्या चांदण्याने शेवंतीचे फुलणे लांबते काय, असा प्रश्न काही शेतकरी विचारतात. पूर्ण चंद्राचा प्रकाश अर्ध्या लक्सपेक्षाही कमी असतो, त्यामुळे त्याची चिंता करण्याचे कारण नाही. रस्त्यावरील विजेच्या दिव्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या उजेडात उभे असलेले सोयाबीन इतर पीक पिवळे पडल्यावरही हिरवेच राहते, हे अनेकांनी पाहिले असेल. सोयाबीनही शेवंतीप्रमाणे लहान दिवसाचे पीक असल्याने असे घडते.

दिव्याची निवड

जुना तारेचा दिवा, म्हणजे पिवळा बल्ब, या कामी पुष्कळ वर्षे वापरण्यात आला. त्यात लाल प्रकाश भरपूर असतो. परंतु अतिलाल प्रकाशही बराच असल्याने दांडे किरकोळ होऊन लांबतात. शिवाय विजेचा फार मोठा भाग उष्णतेत जातो. सीएफएल दिवा वीज कमी घेतो. मात्र त्यात पारा असतो आणि तो फुटल्यास वाफ्यातील माती दूषित होते.

आज या कामासाठी एलईडी दिवा सर्वांत सोयीचा आहे. तो घेताना पुढील बाबी पाहाव्यात.

१. दिव्याच्या खोक्यावर छापलेले ल्यूमेन पाहावेत. केवळ वॅट पाहू नयेत. वॅट म्हणजे दिवा खातो ती वीज व ल्यूमेन म्हणजे तो देतो तो प्रकाश. घरगुती ९ वॅटचा चांगला एलईडी दिवा सुमारे ९०० ल्यूमेन प्रकाश देतो.

२. पांढऱ्या दिव्यांपैकी पिवळसर छटेचा, म्हणजे खोक्यावर २,७०० किंवा ३,००० केल्विन असे लिहिलेला दिवा घ्यावा. निळसर पांढऱ्या, ६,५०० केल्विनच्या दिव्यापेक्षा त्यात लाल प्रकाशाचे प्रमाण अधिक असते.

३. केवळ लाल प्रकाशाचे दिवेही उपयोगी पडतात. परंतु त्या उजेडात पानांवरील कीड-रोग ओळखता येत नाहीत. किंमत परवडत असेल तरच ते घ्यावेत.

४. हरितगृहातील दमट हवा व फवारणीचे तुषार लक्षात घेऊन पाणी आत न शिरणारे, आयपी ६५ दर्जाचे दिवे व होल्डर वापरावेत. बैठकीच्या खोलीतील उघडे होल्डर येथे चालत नाहीत.

नवीन प्रकारचा दिवा सर्व वाफ्यांवर एकदम लावू नये. एका वाफ्यावर, आपण लावीत असलेल्या जातीवरच, एका हंगामात तो पारखून घ्यावा.

संख्येचा हिशेब व मांडणी

पाच गुंठ्यांचे हरितगृह उदाहरणादाखल घेऊ. त्याची लांबी २५ मीटर, रुंदी २० मीटर व क्षेत्र ५०० चौरस मीटर आहे. प्रत्येक चौरस मीटरवर १०० लक्स प्रकाश हवा, म्हणजे रोपांच्या शेंड्यांवर एकूण ५०,००० ल्यूमेन पडले पाहिजेत. दिव्यातून निघालेला सर्व प्रकाश रोपांवर पडत नाही. काही वर व बाजूंस जातो. एलईडी दिव्याचा साठ टक्के प्रकाश कामी येतो असे गृहीत धरल्यास ९०० ल्यूमेनच्या एका दिव्याकडून ५४० ल्यूमेन मिळतात. ५०,००० ला ५४० ने भागले असता सुमारे ९३ दिवे येतात.

मांडणीच्या सोयीसाठी ९६ दिवे घ्यावेत. हरितगृहाच्या लांबीशी समांतर अशा आठ ओळी अडीच-अडीच मीटरवर ओढाव्यात. पहिली व शेवटची ओळ बाजूच्या भिंतीपासून सव्वा मीटरवर यावी. प्रत्येक ओळीत सुमारे दोन-दोन मीटरवर बारा दिवे टांगावेत. दिवे जमिनीपासून साधारण सव्वादोन मीटर उंचीवर असावेत. त्यामुळे खालून माणसास वावरता येते आणि गादीवाफ्यावरील रोपे गुडघ्याएवढी झाली तरी शेंड्यापासून दिव्याचे अंतर दीड मीटरच्या आसपास राहते. दिवे फार उंच टांगल्यास प्रकाश विरळ होतो व फार खाली टांगल्यास दिव्याखाली झगझगाट आणि दोन दिव्यांमध्ये अंधारी पट्टी राहते. कडेच्या वाफ्यांना एकाच बाजूने प्रकाश मिळतो, म्हणून कडेच्या दिव्यांतील अंतर थोडे कमी ठेवावे.

आता विजेचा हिशेब पाहू. ९ वॅटचे ९६ दिवे मिळून ८६४ वॅट होतात. रोज चार तास लावल्यास एका रात्रीस सुमारे साडेतीन युनिट व तीस रात्रींस सुमारे १०४ युनिट वीज लागते. हेच काम १०० वॅटच्या तारेच्या दिव्यांनी करावयाचे ठरविल्यास, एका दिव्याचे १,३५० ल्यूमेन व त्यातील निम्मे कामी येतात असे धरून, ७४ दिवे लागतील. त्यांस एका रात्रीस सुमारे साडेएकोणतीस व तीस रात्रींस सुमारे ८९० युनिट वीज लागेल. दोहोंतील अंतर इतके मोठे आहे की, जुने दिवे घरात पडून आहेत एवढ्याच कारणासाठी ते वापरणे हिताचे नाही.

प्रकाश मोजून घ्यावा

कागदावरील हिशेब हा केवळ अंदाज होय. दिवे बसविल्यावर काळोख पडू द्यावा आणि लक्समापकाने प्रत्यक्ष प्रकाश मोजावा. हे उपकरण लहान असून हातात धरून वापरता येते. प्रत्येक शेतकऱ्याने ते विकत घेण्याची गरज नाही. गटामध्ये एक असल्यास भागते. मोजताना उपकरणाचा डोळा रोपाच्या शेंड्याच्या पातळीवर व वर तोंड करून धरावा. दिव्याच्या बरोबर खाली मोजण्यात अर्थ नाही. चार दिव्यांच्या मधोमध, कडेच्या वाफ्यात व कोपऱ्यात मोजावे. सर्वांत अंधाऱ्या जागीही ७० लक्सपेक्षा कमी आकडा येऊ नये. तसा आल्यास तेथे एक दिवा वाढवावा. वाफ्यातील काही रोपे आधी कळी धरतात व काही धरीत नाहीत, या तक्रारीचे मूळ बहुधा अशा अंधाऱ्या पट्ट्यांत सापडते.

दिव्यांवर धूळ व औषधाचे डाग बसून प्रकाश घटतो. म्हणून दर लावणीपूर्वी दिवे बंद करून, कोरड्या फडक्याने पुसून, पुन्हा मोजणी करावी.

वेळ व काळ

रोपे लावल्याच्या रात्रीपासूनच दिवे सुरू करावेत. रोपे ३० ते ३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत, म्हणजे जाती व ऋतूप्रमाणे साधारण चार ते सहा आठवडे, ते चालू ठेवावेत. त्यानंतर एकाच दिवशी सर्व दिवे बंद करावेत. तेथून पुढे जातीनुसार आठ ते दहा आठवड्यांत फुले काढणीस येतात. म्हणजे बाजाराचा दिवस ठरवून मागे मोजीत आल्यास दिवे बंद करण्याची व लावणीची तारीख निश्चित करता येते.

दिवे रात्रीच्या मध्यभागी लावावेत. रात्रीचा मध्य म्हणजे घड्याळातील बाराच असे नव्हे. डिसेंबरअखेर पुण्याकडे सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो व सकाळी सातच्या सुमारास उगवतो. या रात्रीचा मध्य साडेबाराच्या आसपास येतो. साडेदहा ते अडीच असे चार तास दिवे लावल्यास दोन्ही बाजूंस साडेचार-साडेचार तासांचा अंधार राहतो. अंधाराचा कोणताही अखंड तुकडा सात तासांपेक्षा मोठा नसावा, हे सूत्र ध्यानी ठेवावे. सायंकाळी सहा ते दहा दिवे लावून रात्रभर बंद ठेवले, तर तेवढीच वीज जळूनही पुढे नऊ तासांचा सलग अंधार राहतो व निरोप अपुरा ठरतो.

दिवे लावण्या-मालविण्यासाठी माणसाच्या जागरणावर विसंबू नये, टाइमर बसवावा. वीज गेल्यावरही ज्याचे घड्याळ चालू राहते असाच टाइमर घ्यावा. अन्यथा तासभर वीज गेली तर दिवे पुढे रोज तासभर उशिरा लागतात व ही गोष्ट लवकर लक्षात येत नाही.

त्याआधी एक चौकशी अवश्य करावी. आपल्या वाहिनीवर रात्री साडेदहा ते अडीच या वेळेत वीज असते काय? शेतीपंपांच्या वाहिनीवर विजेचे तास पाळीने बदलत असतील, तर केवळ त्यावर अवलंबून राहता येत नाही. घराच्या जोडणीवरून वीज घ्यावयाची असल्यास मंजूर भार व दराचा वर्ग यांविषयी वीज कंपनीच्या कार्यालयात आधी विचारावे. पर्यायी सोय म्हणून इन्व्हर्टर किंवा जनित्र ठेवावयाचे असल्यास दिव्यांचे दोन गट करावेत व चार तासांच्या काळात ते पंधरा-पंधरा मिनिटे आळीपाळीने लावावेत. असा खंडित प्रकाशही शेवंतीस पुरतो व एका वेळचा भार निम्म्यावर येतो. एखाद्या रात्रीचा खंड बहुधा भरून निघतो. परंतु सलग काही रात्री अंधारात गेल्या, तर शेंड्याचा कल कळीकडे वळू लागतो आणि मग दिवे लावूनही तो पूर्णपणे मागे फिरविता येत नाही.

एकाच हरितगृहात काही वाफे वाढीच्या व काही कळीच्या अवस्थेत असतील, तर त्यांच्यामध्ये काळ्या प्लॅस्टिकचा पडदा पक्का बांधावा. दिव्याची तिरीप पडली तरी शेजारच्या वाफ्यातील कळ्या रखडतात. शेजाऱ्याच्या शेतात सोयाबीन असल्यास त्या बाजूसही आडोसा करावा.

जीविताची काळजी

ओली जमीन, लोखंडी नळ्यांचा सांगाडा व वीज या तिहींचा संयोग धोकादायक असतो. पिकाचे नुकसान पुढील लावणीत भरून निघते. माणसाचे निघत नाही. म्हणून दिव्यांची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी व पुढील गोष्टी झाल्या आहेत याची खात्री करून घ्यावी.

१. मुख्य फळ्यावर ३० मिलिअँपिअरचा, गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी असावा. त्यावरील तपासणीचे बटण दर महिन्यास दाबून पाहावे.

२. अर्थिंग स्वतंत्र व चालू स्थितीत असावे. हरितगृहाचा सांगाडाही त्यास जोडावा.

३. दुहेरी आवरणाची केबल वापरावी. ती सांगाड्यास उघड्या तारेने न बांधता प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधावी. वाफ्यांवर उघडे सांधे ठेवू नयेत.

४. फळा व टाइमर हरितगृहाबाहेर, पावसापासून सुरक्षित अशा कोरड्या जागी बसवावेत.

५. फवारणी, फॉगर किंवा पाणी देण्याचे काम चालू असता दिव्यांची वीज मुख्य बटणापासून बंद असावी. ओल्या हाताने अथवा अनवाणी पायाने दिवा बदलू नये.

इतर पिकांविषयी

शेवंतीस लागू पडणारी ही रीत सर्व पिकांस लागू पडत नाही. गुलाबाचे फुलणे रात्रीच्या लांबीवर अवलंबून नसते. त्यास असे दिवे लावून फुले वाढत नाहीत. कार्नेशन व जिप्सोफिला ही मोठ्या दिवसाची पिके आहेत. त्यांस रात्री प्रकाश दिल्यास फुले लवकर येतात. म्हणजे शेवंतीच्या नेमका उलट परिणाम होतो. ड्रॅगन फ्रूटही मोठ्या दिवसात फुलते. व्हिएतनाममध्ये त्याच्या बागांत रात्री दिवे लावून अवेळी बहार घेतात व तीच पद्धत आपल्याकडील काही बागाइतदारांनी उचलली आहे. तेव्हा दिवा घेण्यापूर्वी पहिला प्रश्न 'कोणता दिवा?' हा नसून 'माझे पीक रात्र मोजते काय, आणि कशी?' हा असावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

दिव्यांविषयी सल्ला मागणाऱ्या शेतकऱ्यास कार्यकर्त्यांनी पाच प्रश्न विचारावेत. पीक व जात कोणती? रात्री मध्यभागी वीज असते काय? खोक्यावर ल्यूमेन किती? सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात किती लक्स मोजले? आरसीसीबी बसविला आहे काय? या पाचांची उत्तरे मिळाल्याखेरीज खरेदी करण्यास सांगू नये. जातीनिहाय अधिक माहिती जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातून अथवा कृषी विद्यापीठाच्या पुष्पसंशोधन विभागातून घ्यावी. तळेगाव दाभाडे येथे हरितगृह व्यवस्थापनाचे प्रशिक्षण दिले जाते. नव्याने या व्यवसायात पडणाऱ्या तरुणांस तेथे जाण्यास अवश्य उत्तेजन द्यावे.

दिवे बसविल्यावर तारीखवार एक वही ठेवावी. लावणी, दिवे सुरू, दिवे बंद, वीज गेलेल्या रात्री, पहिली कळी व पहिली तोडणी, एवढ्या सहा नोंदी पुरेत. दोन हंगामांच्या अशा नोंदी हाती असल्या म्हणजे आपल्या गावी, आपल्या जातीस किती रात्री दिवे हवेत हे शेतकऱ्यास स्वतःच्याच वहीतून कळेल व पुढील लावणीची तारीख तो निश्चिंतपणे ठरवू शकेल.